टाकणे, सोडणे, टिकणे : ख्रिस्ती धर्मभाषेतील तीन क्रियापदे

पदव्युत्तर वर्गात भाषांतरमीमांसेचे तास घेत असताना प्रस्तुत लेखकाने एकदा नव्या करारातील एक लांब वाक्य विद्यार्थ्यांना फोड करण्यासाठी दिले होते. ‘इब्री लोकांस पत्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनाच्या बाराव्या अध्यायाचे ते पहिलेच वाक्य. एका विद्यार्थिनीने ते नीट उलगडले आणि शेवटी विचारले, “या वाक्यात आधी भार टाकावयास सांगितले आहे, आणि लगेच जो गुण मागितला आहे त्याचा धात्वर्थ ‘खाली राहणे’ असा आहे. मग भार टाकावयाचा की त्याच्याखाली राहावयाचे?” वर्गात हशा पिकला. शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ख्रिस्ती उपदेशपर लेखनात ‘गतकाळाचे ओझे टाकणे’ आणि ‘विश्वासात टिकून राहणे’ या दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात. इतक्या वारंवार येतात की त्यांच्यातील ताण कानाला जाणवेनासा होतो. तो ताण भाषेच्या अंगाने तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. धर्मशास्त्राचा निवाडा करणे हे आपल्या विभागाचे काम नव्हे. पण ज्या शब्दांवर माणसांनी आपले आयुष्य तोलले, त्या शब्दांची रचना पाहणे हे निश्चितच आपले काम आहे.

प्रथम वाक्याची घडण पाहू. मूळ ग्रीक वाक्यात मुख्य क्रियापद एकच आहे : ‘त्रेखोमेन’, म्हणजे ‘आपण धावू या’. ते वर्तमान अंगाचे असल्याने त्यात सातत्य आहे. धावणे चालू ठेवावयाचे आहे. भार टाकण्याची क्रिया ‘अपोथेमेनोइ’ या धातुसाधिताने येते, आणि ते धातुसाधित क्रियेचा एकवार झालेला पूर्ण व्यापार दाखविते. आपल्या मराठीतील ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूप येथे चपखल बसते : भार ‘टाकून’ धावावे. ‘टाकून’ हे रूप स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही, हे शाळकरी व्याकरणातही सांगितलेले असते. त्याला मुख्य क्रियापदाचा आधार लागतो. म्हणजे भार टाकणे हा या वाक्याचा विषयच नाही. विषय धावण्याचा आहे, आणि टाकणे ही त्याची पूर्वतयारी. ‘अपोतिथेमि’ हा धातू अंगावरील वस्त्र उतरवून बाजूस ठेवण्यासाठी योजतात. स्तेफनावर धोंडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे हाच धातू आहे. या शौलाकडे, म्हणजेच पुढील पौलाकडे, आपल्याला लवकरच वळावयाचे आहे.

टाकावयाच्या वस्तू दोन आहेत, आणि त्या दोन आहेत याकडे पुष्कळ वाचकांचे दुर्लक्ष होते. एक ‘ओङ्कोस’, म्हणजे भार, फुगवटा, जादा वजन. आणि दुसरे पाप. दोहोंमध्ये ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय आहे. ‘ओङ्कोस’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. तो नैतिक शब्द नाही; वैद्यकात आणि व्यायामशाळेतही तो चाले. शर्यतीत उतरणाऱ्याच्या अंगावरचे अनावश्यक मांस हा दोष असेल, अपराध नव्हे. तेव्हा पत्रकर्त्याच्या मते माणसाने टाकून द्यावे अशा गोष्टींत काही पापे आहेत आणि काही निव्वळ वजने आहेत. पापाला जे विशेषण लावले आहे त्याचा अर्थ वादग्रस्त आहे. रूढ पाठात तो साधारणपणे ‘सहज वेढणारे’ असा करतात. पण इसवी सन २०० च्या सुमाराच्या एका जुन्या पपायरस हस्तलिखितात त्या जागी ‘सहज चित्त विचलित करणारे’ या अर्थाचा निराळा शब्द आहे. धावणाऱ्याच्या रूपकाला हा पाठही वाईट शोभत नाही.

आता विद्यार्थिनीच्या शंकेतील दुसरा शब्द. ‘हुपोमोने’ यातील ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणे. लॅटिनमध्ये त्याला ‘पातिएन्तिया’ हा प्रतिशब्द मिळाला. तो ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला असल्याने पश्चिमेकडील वाचकाला त्यात प्राधान्याने दुःख ऐकू येऊ लागले. ग्रीक शब्दात मात्र सोसण्यापेक्षा जागा न सोडण्याचा अर्थ बळकट आहे. शिवाय जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘आशा’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांसाठी अनेक ठिकाणी हाच शब्द वापरला. त्यामुळे नव्या कराराच्या काळी त्यात वाट पाहण्याचाही अंश मिसळलेला होता. मराठीत आज प्रचारात असलेल्या भाषांतरात इब्री पत्रातील या ठिकाणी ‘धीर’ हा शब्द आहे, आणि तो मला फार योग्य वाटतो. माणसांचे वागणे सोसण्याच्या गुणाला तेच भाषांतर गलतीकरांस पत्रात ‘सहनशीलता’ म्हणते, कारण तेथे मूळ शब्द निराळा आहे. मराठीत धीर ‘धरावा’ लागतो. तो ‘सुटतो’, ‘खचतो’, आणि कोणी दुसऱ्याला ‘देऊ’ही शकतो. अर्थात धीर ही हाताने पकडून ठेवण्याची वस्तू आहे. हात भरलेले असतील तर ती धरता यावयाची नाही. विद्यार्थिनीच्या शंकेचे अर्धे उत्तर आपल्या भाषेने असे परस्पर देऊन टाकले आहे.

उरलेले अर्धे उत्तर कठीण आहे, कारण ते भूतकाळाविषयी आहे. टाकावयाचे म्हणजे विसरावयाचे काय? याच पत्राच्या दहाव्या अध्यायात वाचकांना पूर्वीच्या दिवसांची आठवण करण्यास बजावून सांगितले आहे. त्या दिवसांत त्यांची मालमत्ता लुटली गेली होती आणि त्यांनी ते सोसले होते. एकच लेखक दोन अध्यायांच्या अंतराने ‘आठवा’ असे सांगतो आणि ‘टाका’ असेही सांगतो. तेव्हा भूतकाळ आणि ओझे हे शब्द समानार्थी नाहीत, हे उघड आहे.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर ही गोष्ट एका धातूच्या खेळातून दिसते. तेथे पौल आपली वंशावळ, आपली धर्मनिष्ठा यांची यादी देतो; मंडळीचा आपण छळ केला, हेही त्याच यादीत सांगतो. मग मागचे विसरत आणि पुढच्याकडे झेपावत आपण धावत आहोत, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध विधान येते. छळ करणे यासाठी त्याने ‘दिओको’ हा धातू वापरला आहे. आणि ध्येयाच्या मागे धावणे यासाठी? तोच ‘दिओको’! ग्रीकमध्ये एखाद्याचा पिच्छा पुरवून त्याला छळणे आणि एखाद्या गोष्टीचा निष्ठेने पाठपुरावा करणे हे दोन्ही अर्थ या एका धातूत मावतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपला ‘पाठीस लागणे’ हा वाक्प्रचार असाच दुधारी आहे. माणूस शत्रूच्या हात धुऊन पाठीस लागतो आणि विद्येच्याही पाठीस लागतो. पौलाने हा शब्द जाणूनबुजून योजला की सवयीने, हे सांगणे अवघड. परंतु जो ‘विसरत’ आहे असे म्हणतो त्याच्या तोंडी विसरावयाच्या गोष्टीचेच क्रियापद आहे, ही वस्तुस्थिती राहते. क्रिया तीच राहिली आणि कर्म पालटले.

शिवाय त्याचे ‘विसरणे’ हे वर्तमान अंगाचे धातुसाधित आहे. मराठीत ‘विसरून’ आणि ‘विसरत’ यांत जो भेद आहे तो येथे पाळला पाहिजे. इब्री पत्रातील टाकणे ‘-ऊन’चे आहे, एकदा करून मोकळे होण्याचे, पौलाचे विसरणे ‘-त’चे आहे, रोज नव्याने करावयाचे. आणि विसरण्यापूर्वी त्याने सगळे सांगून टाकले आहे. त्याच उताऱ्यात तो लाभ आणि हानी हे व्यापारी वहीतले शब्द वापरतो : पूर्वी जे जमेच्या बाजूस मांडले होते ते आता नावे टाकले. नोंद खोडलेली नाही, तिचा रकाना बदलला आहे. ऑगस्टीनने इसवी सन ४०० च्या सुमारास आपले ‘कन्फेशन्स’ लिहिले तेव्हा गतायुष्यातील लहानसहान चुकाही नोंदविल्या. किशोरवयात केलेल्या नासपतींच्या चोरीवर त्याने किती पाने खर्च केली आहेत! ज्या परंपरेत विसरण्याचा एवढा महिमा, तिच्यातच आत्मचरित्राचा हा आद्य ग्रंथ निर्माण व्हावा, याची संगती पौलाच्या त्या वहीवरून लागते.

येथवर सारे वाक्यांचे झाले. परंतु तिसऱ्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न हजारो माणसांच्या दारात येऊन उभा राहिला. रोमन सम्राट डेशियसने २४९ च्या अखेरीस किंवा २५० च्या आरंभी साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. ज्याने अर्पण केले त्याला तसा दाखला मिळे. असे चाळीसहून अधिक पपायरस दाखले ईजिप्तच्या वाळूत टिकून राहिले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी अर्पण केला. काहींनी अर्पण न करता लाच देऊन नुसताच दाखला मिळविला. काही तुरुंगात गेले, काही मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून राहिला, आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. २५१ मध्ये डेशियस लढाईत मारला गेला, छळ ओसरला, आणि घसरलेले लोक मंडळीच्या दारी परत आले. लॅटिनमध्ये त्यांना ‘लाप्सी’, म्हणजे घसरलेले, म्हणत. जे डगमगले नाहीत ते ‘स्तान्तेस’, उभे राहिलेले. ही दोन्ही नावे पाहिली म्हणजे टिकण्याचे रूपक लोकांच्या मनात किती शारीरिक होते ते कळते.

प्रश्न असा होता की ज्यांनी टिकाव धरला नाही त्यांचा भूतकाळ सुटू शकतो काय? रोममध्ये नोव्हाशियनने ठाम नकार दिला आणि स्वतःचा वेगळा पंथ उभारला. त्याचे अनुयायी पूर्वेकडे स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवीत आणि ते पुढे कित्येक पिढ्या टिकले. ३२५ च्या नायसीया परिषदेला त्यांच्यासाठी एक स्वतंत्र नियम करावा लागला. कार्थेजमध्ये उलट टोकाची घाई होती. तुरुंगवास भोगलेल्या वीरांकडून चिठ्ठ्या आणून लोक ताबडतोब प्रवेश मागत. सिप्रियनने दोन्ही मार्ग नाकारले. २५१ च्या सभेने भेद केला : नुसता दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर, प्रत्येकाची हकीगत पाहून, परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी मात्र मरणसमयापर्यंत वाट पाहावी. हा निर्णय व्यवहार्य होता, पण फार दिवस टिकला नाही.

पुढील एकदोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, आणि आफ्रिकेतील बिशपांनी मागचा निर्णय बदलला. प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना आताच परत घ्यावे असे ठरले. सभेच्या पत्रात दिलेले कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांना उद्या साक्षीसाठी रक्त सांडावयास सांगावयाचे आहे त्यांना आज प्रभूच्या पेल्यापासून दूर ठेवले, तर ते कोणत्या बळावर उभे राहतील, असा त्याचा आशय आहे. म्हणजे टिकून दाखविल्यावर ओझे उतरवू, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. टिकता यावे म्हणून ओझे आधी उतरविले. इब्री पत्रातील धातुसाधित आणि मुख्य क्रियापद यांचा जो क्रम आपण वर पाहिला, तोच हा क्रम होय. गंमत अशी की सिप्रियनच्या लेखनात त्या पत्राचा आधार आढळत नाही. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायातील, मागे पडलेल्यांना पुन्हा नवे करणे अशक्य आहे असे सुचविणारा कठोर उतारा मात्र उलट बाजूचे लोक पुढे हाती धरू लागले. छळाच्या वेळी लपून राहिलेला सिप्रियन पुढे व्हॅलेरियनच्या कारकिर्दीत, १४ सप्टेंबर २५८ रोजी, कार्थेजजवळ शिरच्छेदाला सामोरा गेला.

आता मराठीकडे येऊ. भूतकाळाचे ओझे म्हटले की मराठी मनात पहिला शब्द येतो तो ‘ऋण’, आणि ऋणाचे आपले नैसर्गिक क्रियापद ‘फेडणे’ हे आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडावयाची. नवस फेडावयाचा, पांग फेडावयाचे. पापसुद्धा फेडावयाचेच : ‘कुठे फेडशील हे पाप?’ असे आपण रागाने विचारतो. फेडणे या क्रियेचा कर्ता नेहमी ऋणको असतो. ख्रिस्ती प्रार्थनेतील ग्रीक धातू ‘अफिएमि’ याचा अर्थ मात्र ‘जाऊ देणे, सोडून देणे’ असा आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाठात त्याचे कर्म खरोखरच ऋण आहे. लूकच्या पाठात त्या जागी पाप हा शब्द आला, आणि अनेक भाषांच्या प्रार्थनेत तोच किंवा ‘अपराध’ रूढ झाला. मराठी भाषांतरकारांनी मत्तयाचे ऋण ठेवले आणि त्याला ‘सोडणे’ हे क्रियापद लावले. ऋण सोडणे! या दोन शब्दांत कर्ताच पालटतो. ऋण सोडतो तो धनको. ऋणको सोडू म्हणेल तर त्याला बुडवणे म्हणतात. तेव्हा ‘गतकाळाचे ओझे सोडा’ असा उपदेश जेव्हा केवळ ऋणकोला उद्देशून केला जातो, तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही तरी गळलेले असते. आधी धनकोने सोडले पाहिजे. ऋणकोने टाकावयाचे ते त्यानंतर. अलीकडे मनःस्वास्थ्यावरील पुस्तकांत सोडून देण्याचा जो सोपा सल्ला आढळतो त्याला हा धनको ठाऊकच नाही.

दुसरा शब्द ‘क्षमा’. तो संस्कृत ‘क्षम्’, म्हणजे सहन करणे, या धातूपासून आलेला आहे. पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात ते याच जाणिवेने. ग्रीक क्षमेत ओझे सुटते. आपल्या क्षमेत क्षमा करणारा ते सोसतो. शुद्ध ग्रीकच्या अभिमान्याला ‘क्षमा’ हे सदोष भाषांतर वाटेल. पण हिब्रूमध्ये क्षमा करणे यासाठी येणाऱ्या प्रमुख धातूंपैकी एक ‘नासा’ हा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘उचलणे, वाहून नेणे’. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवक इतरांचे पाप वाहतो ते याच धातूने. म्हणजे या एका बाबतीत आपला शब्द ग्रीकला वळसा घालून थेट हिब्रूच्या शेजारी जाऊन बसला आहे. ओझे सोडले म्हणजे ते हवेत विरून जात नाही, कोणी तरी ते उचलते, ही जाणीव त्यात आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती लेखकांना हा प्रश्न आणखी एका रूपात भेटला. धर्मांतर केलेल्याच्या मागील आयुष्यात पाप कोणते, ‘ओङ्कोस’ कोणते, आणि जपून न्यावे असे काय? ना. वा. टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे त्यांच्यापासून दुरावल्या होत्या. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या सोवळ्याची हकीगत जितक्या मोकळेपणाने सांगितली आहे तितक्या मोकळेपणाने ती सांगणारा दुसरा मराठी ग्रंथ मला ठाऊक नाही. त्यांचे सोवळे हे पाप नव्हते. ते वजन होते, आणि ते त्यांनी १९०० मधील बाप्तिस्म्याच्या आधीच, जातिभेद मनुष्यकृत आहे असे मनाशी स्पष्ट झाल्यावर, उतरविले. त्याविषयी लिहिताना त्या हसतात. पापाविषयी माणूस असे हसत नाही.

टिळकांनी स्वतः जे टाकले नाही तेही तितकेच बोलके आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन ही सारी सामग्री त्यांनी नव्या श्रद्धेच्या सेवेस लावली. पंडिता रमाबाईंनी दुसरी दिशा धरली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच कामात त्या गढलेल्या होत्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर, हिंदू दर्शनांची छाया असलेले शब्द त्यांना खुपत. साध्या शिकलेल्या स्त्रीला कळेल आणि जुन्या अर्थांत गुंतवणार नाही, अशी भाषा त्यांना हवी होती. टिळकांना जी शिदोरी वाटली तीच रमाबाईंना ओझे वाटले. दोघांपैकी चूक कोणाची, असे विचारण्यात अर्थ नाही. संस्कृत विद्येने रमाबाईंना जे दिले आणि विधवांच्या स्थितीविषयी त्याच विद्येच्या परंपरेत त्यांनी जे पाहिले, ते टिळकांच्या वाट्यास आलेले नव्हते. तरीही भाषाभ्यासकाला एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. कलकत्त्यात १८७८ मध्ये संस्कृतज्ञांनी दिलेली ‘पंडिता’ ही पदवी रमाबाईंच्या नावापासून अखेरपर्यंत सुटली नाही. शब्दांची वजने काही माणसाने उतरविल्यावरही इतरांच्या तोंडी राहतात.

विद्यार्थिनीच्या शंकेला पुढच्या तासाला मी गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचावयास दिला. तेथे तीन वाक्यांच्या अंतराने दोन परस्परविरोधी आज्ञा आहेत : एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपापले ओझे वाहावे. ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिल्या ठिकाणी ‘बारोस’, चिरडणारे वजन. दुसऱ्या ठिकाणी ‘फोर्तिओन’, ज्याने त्याने पाठीवर घ्यावयाचा बोजा, जहाजाच्या मालासाठीही योजला जाणारा शब्द. येशूने आपले ओझे हलके आहे असे म्हटले ते ‘फोर्तिओन’च. मराठीत ‘ओझे’ आणि ‘भार’ हे दोन शब्द आपल्याजवळ आहेत, परंतु त्यांतील भेद इतका पुसट आहे की भाषांतरकाराने तो राखला तरी वाचकाच्या तो ध्यानात येईलच असे नाही. विद्यार्थिनीने आपल्या भाषांतरात पहिल्या ठिकाणी ‘ओझे’ ठेवले आणि दुसऱ्या ठिकाणी, बराच विचार करून, ‘गाठोडे’ असे लिहिले.